रब्बी ज्वारीवरील बुरशीजन्य रोग: ओळख आणि व्यवस्थापन

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी धान्यासाठी जेवढी पिकवली जाते तेवढीच कडब्यासाठीही पिकवली जाते. त्यामुळे या पिकावर रोग आला की घरातली भाकरी आणि दावणीची वैरण या दोन्हींना एकदमच तोटा पडतो. मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यात मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीचा एवढा जुना अनुभव गाठीशी असलेल्या या भागात खडखड्याने (खोडाचा गाभा विरवणाऱ्या रोगाने) आडवी झालेली किंवा काणीने (दाण्यांच्या जागी काळी भुकटी आणणाऱ्या रोगाने) काळवंडलेली शेते आजही पाहावी लागतात, याचे वाईट वाटते, कारण यातले बरेचसे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. अडचण अशी की यांतले मुख्य रोग डोळ्यांना दिसतात ते डिसेंबरपासून पुढे, आणि त्यांचा बंदोबस्त करण्याची वेळ असते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणून पुढील मजकुरात प्रत्येक रोग ओळखायचा कसा हे सांगताना, त्याच्याविरुद्धचे काम हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर करायचे हेही सोबतच सांगितले आहे.

पाहणी केव्हा आणि कशी करावी

पेरणीनंतर पीक निसवेपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडेपर्यंत, शेताकडे बारकाईने पाहिले जाते, ते मुख्यतः खोडमाशी आणि लष्करी अळीसाठी. बुरशीजन्य रोगांसाठी मात्र पीक फुलोऱ्यात आल्यापासून पुढची पाहणी अधिक महत्त्वाची असते. वेळ अमावस्येला घरची सगळी मंडळी शेतात जातात, तेव्हा बहुतेक ठिकाणी पीक निसवलेले असते आणि कणसांवरील रोग दिसू लागलेले असतात. त्यानंतर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, दाणे भरत असताना दुसरी पाहणी करावी. ही वेळ खडखड्यासाठी निर्णायक असते. पाहणी करताना बांधाच्या कडेने फिरून परत येऊ नये, कारण कडेच्या ताटांना ऊन, वारा आणि मोकळी जागा वेगळी मिळते आणि त्यांवरून आतल्या पिकाचा अंदाज चुकतो. शेतात तिरके चालत जाऊन चार-पाच ठिकाणी थांबावे, प्रत्येक ठिकाणी सलग वीस ताटे तपासावीत आणि त्यांपैकी रोगट किती आहेत याची नोंद वहीत करावी. त्यातही मुरमाड पट्टा, उताराची बाजू आणि पाणी साचणारा खोलगट भाग यांची नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण पुढील वर्षी त्या त्या भागासाठी वाण आणि पेरणीची तारीख ठरवताना हीच नोंद उपयोगी पडते.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. ज्वारीच्या पानाला कोणतीही इजा झाली, मग ती किडीने केलेली असो, वाऱ्याने पान घासल्याने झालेली असो किंवा बुरशीने झालेली असो, त्या ठिकाणी पान लालसर, जांभळट किंवा तपकिरी रंग धरते. हा रंग म्हणजे त्या झाडाचा स्वतःचा प्रतिसाद आहे. त्यामुळे केवळ लाल ठिपके दिसले म्हणून तांबेरा आला असे ठरवून फवारणीचा खर्च करणे योग्य नव्हे. रोगाचा निर्णय रंगावरून न करता, बुरशीची स्वतःची खूण दिसते का, म्हणजे भुकटी, काळे कण, चिकट थेंब किंवा दाण्याच्या जागी आलेली पिशवी आहे का, हे पाहून करावा.

खडखड्या

सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीचा खरा शत्रू हाच रोग आहे आणि त्याच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी जमिनीत आणि पिकाच्या अवशेषांत अत्यंत सूक्ष्म, काळ्या, कठीण कणांच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहते. ती मुळांतून आत शिरते, पण ताट जोमात असेपर्यंत तिला फारसे काही करता येत नाही. फुलोरा झाल्यानंतर दाणे भरू लागतात, तेव्हा ताटाने खोडात साठवलेले अन्न कणसाकडे जाऊ लागते. नेमक्या त्याच वेळी जमिनीतला ओलावा संपला आणि दिवसाचे तापमान चढू लागले, तर खोडाचा खालचा भाग दुबळा होतो आणि मुळांत थांबलेली बुरशी तेथून झपाट्याने वर सरकते. जमिनीचे तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असणे तिला विशेष मानवते. हे समजून घेतले म्हणजे एकाच बांधाच्या अलीकडच्या भारी जमिनीत पीक उभे आणि पलीकडच्या हलक्या जमिनीत आडवे, असे का होते याचा उलगडा होतो. बुरशी दोन्हीकडे असते, ओलावा मात्र एकीकडेच शिल्लक असतो.

रोगट ताट शेजारच्या ताटांच्या आधी, अकाली वाळते. कणीस लहान राहते, दाणे बारीक आणि वजनाला हलके भरतात. पुढे जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या कांड्यापाशी ताट मऊ पडते आणि थोड्याशा वाऱ्यानेही तेथून मोडून आडवे होते. तपासणी सोपी आहे: संशयित ताटाचे खालचे कांडे अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबावे, ते सहज दबले तर ताट उपटून बुंध्यापासून वरपर्यंत कोयत्याने उभे चिरावे. निरोगी ताटाचा गाभा भरीव आणि पांढरट असतो. खडखड्या झालेल्या ताटाचा गाभा विरून गेलेला असतो, आत केवळ सुटे धागे उरलेले असतात आणि त्या धाग्यांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे कण दिसतात. हे काळे कण हीच पक्की खूण होय. ते नसतील आणि आत अळीने पोखरलेला बोगदा व विष्ठा असेल, तर ते काम खोडकिडीचे आहे. गाभा लालसर किंवा गुलाबी झाला असेल आणि काळे कण नसतील, तर दुसऱ्या एखाद्या बुरशीमुळे आलेल्या खोडकुजीचा संशय घ्यावा. खोड आतून शाबूत असूनही पीक लोळले असेल, तर वादळी वारा, दाट पेरणी किंवा उथळ मुळे ही कारणे शोधावीत.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगणे मी आवश्यक समजतो. ताटे आडवी पडू लागल्यानंतर खडखड्यावर कोणतीही फवारणी उपयोगी पडत नाही. बुरशी खोडाच्या गाभ्यात असते, पानांवर मारलेले औषध तेथपर्यंत परिणामकारक प्रमाणात पोहोचत नाही आणि पोहोचले तरी विरलेला गाभा पुन्हा भरून येत नाही. अशा वेळी कोणी टॉनिक किंवा बुरशीनाशकाची बाटली हातात ठेवली, तर तो खर्च करू नये. त्या टप्प्यावर करण्यासारखे काम एकच आहे: दाणा पक्व झाला आहे का ते पाहणे. दाणा कणसातून काढून त्याचे बूड, म्हणजे तो कणसाला चिकटलेला असतो ती बाजू, पाहावी. तेथे काळा ठिपका आला असेल तर दाणा भरण्याचे काम संपलेले आहे. मग पीक आणखी वाळण्याची वाट न पाहता काढणी करावी आणि कणसे खळ्यावर पसरून वाळवावीत. आडवे पडलेले पीक शेतातच राहिले की उंदीर, वाळवी आणि मातीचा ओलावा यांमुळे धान्य व कडबा या दोन्हींचे नुकसान दिवसागणिक वाढत जाते. अशा शेतातला कडबा गंजीच्या तळाशी न घालता वेगळा रचावा, आधी वापरून संपवावा आणि बुंध्याचा काळवंडलेला भाग तोडून टाकावा.

खरे व्यवस्थापन पेरणीपूर्वी सुरू होते आणि त्याचे सूत्र एकच आहे: दाणे भरण्याच्या काळापर्यंत जमिनीत ओल शिल्लक राहिली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. तो पाऊस शेतातच मुरवण्यासाठी पावसाळ्यात उताराला आडवी मशागत करून साधारण दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे बंदिस्त वाफे पाडून ठेवावेत. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, शक्यतो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत उरकावी. चित्रा नक्षत्राच्या पुढे गेलेल्या पेरणीत दाणे भरण्याचा काळ ओल संपण्याच्या आणि ऊन वाढण्याच्या काळाशी जुळून येतो. खडखड्याला हवी असते ती नेमकी हीच परिस्थिती.

वाणाची निवड जमिनीच्या खोलीवरून करावी. हलक्या, तीस सेंटिमीटरपर्यंत खोल असलेल्या जमिनीत लवकर तयार होणारा फुले अनुराधा किंवा फुले माऊली घ्यावा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी ३५-१ चालतो आणि भारी, खोल काळ्या जमिनीत फुले वसुधा किंवा फुले यशोदा यांसारखा वाण घ्यावा. पाण्याची सोय असलेल्या भारी जमिनीसाठी फुले रेवती हा वाण आहे. सांगोल्याच्या माळरानावर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला उशिरा पक्व होणारा वाण पेरला, तर जमिनीतली ओल त्याला पुरत नाही आणि रोगाला आयते निमंत्रण मिळते. शेजाऱ्याला उत्पन्न चांगले आले एवढ्यावरून बियाणे आणू नये. त्याची जमीन किती खोल आहे हे आधी विचारावे.

दाट पेरणी हे खडखड्याचे आणखी एक मोठे कारण आहे. जमिनीतला पाणीसाठा ठरलेला असताना ताटांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे पाणी घटते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे ६० हजार ताटे बसतात आणि त्यासाठी चार किलो बियाणे पुरेसे होते. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करावी. अनेक शेतकऱ्यांना उगवलेले रोप उपटणे जिवावर येते आणि ती भावना समजण्यासारखी आहे, पण कोरडवाहू ज्वारीत विरळणी टाळणे म्हणजे जानेवारीत त्याहून कितीतरी अधिक ताटे गमावण्याची तयारी करणे होय. नत्राच्या बाबतीतही हेच तारतम्य हवे. जमिनीत ओल नसताना भरघोस युरिया दिल्याने पाने वाढतात, पाण्याची मागणी वाढते आणि शेवटी ओलाव्याचा ताण अधिक तीव्र होतो. जिरायत ज्वारीला शिफारशीएवढेच खत पेरणीच्या वेळी दोन चाड्याच्या पाभरीने बियाण्याखाली पेरून द्यावे.

पेरणीनंतरच्या कोळपण्या केवळ तणासाठी नसतात. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने केलेली कोळपणी भेगा बुजवते आणि भेगांवाटे उडून जाणारी ओल अडवते. काळ्या जमिनीत आठव्या आठवड्याची ही शेवटची कोळपणी सर्वांत मोलाची असते, आणि नेमकी तीच पुष्कळ वेळा राहून जाते. तूरकाठ्या, भुसा किंवा सरमाड उपलब्ध असेल तर पेरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत हेक्टरी पाच टनांच्या आसपास आच्छादन दोन ओळींमध्ये पसरावे. विहिरीला थोडे पाणी असेल तर पीक पोटरीत असताना (कणीस अजून पानाच्या आवरणात असताना), म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी, एक संरक्षित पाणी द्यावे. दुसरे पाणी देता येत असेल आणि शेतात यापूर्वी खडखड्याचा अनुभव असेल, तर ते फुलोऱ्यानंतर दाणे भरू लागताना द्यावे असे माझे मत आहे. मात्र जमिनीला मोठ्या भेगा पडल्यानंतर पाणी देण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण ते खोल निघून जाते आणि मुळांचे नुकसान तोपर्यंत झालेले असते.

पिकाची फेरपालट करावी, असा सल्ला प्रत्येक पुस्तिकेत असतो आणि तो योग्यच आहे, परंतु खडखड्याच्या बाबतीत त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. ही बुरशी शेकडो प्रकारच्या वनस्पतींवर जगते. हरभऱ्यावर येणारी कोरडी मूळकुज याच बुरशीमुळे होते, तसेच सूर्यफूल, सोयाबीन आणि भुईमूग यांनाही ती सोडत नाही. म्हणून ज्वारीनंतर हरभरा घेतला एवढ्याने जमीन रोगमुक्त झाली असे समजू नये. ज्या शेतात एका वर्षी हरभऱ्याची रोपे ऐन दाणे भरताना वाळली, त्या शेतात पुढच्या रब्बीला ज्वारी घेताना लवकर पक्व होणारा वाण आणि विरळ पेरणी ठेवावी. अनेक गावांत ज्वारी उपटून काढण्याची पद्धत आहे. तिच्यात श्रम अधिक असले तरी रोगट बुंधे आणि मुळ्या शेताबाहेर जातात, हा तिचा मोठा फायदा आहे. कापून काढणी केली असेल तर धसकटे वेचून बाहेर काढावीत. पेरणीपूर्वी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून ते ओल असताना जमिनीत दिल्यास मदत होते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत टाकलेला ट्रायकोडर्मा मात्र वाया जातो.

काणीचे चार प्रकार

काणी म्हटली की काळी भुकटी डोळ्यांसमोर येते आणि सगळ्या काण्या एकच समजल्या जातात. तसे केले तर उपाय चुकतो, कारण काहींचा प्रसार बियाण्यातून, एकीचा जमिनीतून आणि एकीचा हवेतून होतो. आधी प्रकार ओळखणे हे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

दाणे काणीत ताटाची उंची आणि कणसाचा आकार साधारण नेहमीसारखाच असतो, पण काही किंवा सर्व दाण्यांच्या जागी राखाडी-पांढरट, टोकदार, लांबट गोल पिशव्या तयार होतात. बोटांनी चिरडल्या की त्यांतून काळी भुकटी निघते. मोकळ्या काणीत ताटे ठेंगणी व बारीक राहतात, इतरांच्या आधी निसवतात, त्यांना फुटवे जास्त येतात, आणि पिशवीचे आवरण लवकर फाटून भुकटी उडून गेल्यामुळे मध्ये एक वाकडी काळी काडी तेवढी उरते. झिपरी काणीत संपूर्ण कणसाचीच एक मोठी पांढरी-राखाडी पिशवी होते आणि ती फुटल्यावर काळ्या धाग्यांच्या झिपऱ्या लोंबतात. लांब काणीत कणसातले मोजकेच दाणे बाधित होतात, परंतु त्यांच्या जागी येणाऱ्या पिशव्या लांब, नळीसारख्या, किंचित वाकलेल्या असतात आणि कणसाबाहेर डोकावताना दुरूनही ओळखू येतात.

दाणे काणी आणि मोकळी काणी या दोन्हींचा बंदोबस्त अतिशय स्वस्त आहे. मळणीत रोगट कणसे फुटली की भुकटी निरोगी दाण्यांना चिकटते, तेच दाणे बियाणे म्हणून पेरले की उगवणाऱ्या कोंबात बुरशी शिरते आणि कणीस बाहेर येईपर्यंत कोणतेही लक्षण न दाखवता ताटाबरोबर वाढत राहते. ही साखळी पेरणीपूर्वीच तोडता येते. त्यासाठी प्रतिकिलो बियाण्याला ३०० मेश पोताचे (अगदी बारीक दळलेले) गंधक ४ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. एकरी चार किलो बियाण्याला केवळ १६ ग्रॅम गंधक लागते. एवढ्याशा खर्चाने आणि घटकाभराच्या कामाने जो रोग जवळजवळ पूर्णपणे टळतो, त्यापायी शेताचा काही हिस्सा दरवर्षी गमवावा, हे मला मान्य होण्यासारखे नाही. घरचे बियाणे वापरणाऱ्यांनी तर हे काम कधीच चुकवू नये. गंधक चोळल्यानंतर खोडमाशीसाठी शिफारस असलेले कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, अ‍ॅझोटोबॅक्टरसारखे जिवाणू संवर्धक प्रतिकिलो २५ ग्रॅम लावावे. हा क्रम बदलू नये. बियाणे सावलीत सुकवावे, हातमोजे घालावेत आणि प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे चुकूनही दळणात किंवा कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नये.

लांब काणीवर मात्र बीजप्रक्रिया उपयोगी पडत नाही, कारण तिचे बीजाणू वाऱ्याने येऊन पोटरीतल्या कणसावर थेट उतरतात. झिपरी काणीचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात आणि ती मक्यावरही येते. या दोन्हींसाठी एकच खात्रीचा उपाय आहे: रोगट कणसे दिसताच, त्यांच्यावरील पडदा फुटण्यापूर्वी, कणसावर हलक्या हाताने कागदी किंवा कापडी पिशवी चढवून ती कापावीत आणि शेताबाहेर जाळावीत किंवा खोल पुरावीत. पिशवी न चढवता कापलेले कणीस हातात घेऊन शेतभर फिरणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने पेरणे आहे. झिपरी काणी आलेल्या शेतात पुढील काही वर्षे ज्वारी आणि मका या दोन्ही पिकांची पाळी टाळावी.

अरगट आणि मावा यांतील फरक

डिसेंबरमध्ये ढगाळ, थंड हवा आणि हलका पाऊस झाला की ज्वारीवर चिकट द्रव दिसू लागतो आणि शेतकरी चिकटा पडला असे म्हणतात. बहुतेक वेळा तो मावा किंवा तुडतुडे यांनी टाकलेला गोड द्रव असतो. तो पानांवर पसरतो, पाने चमकतात, नंतर त्यावर वरवरची काळी बुरशी वाढते आणि पान उलटून पाहिले असता खाली किडी सापडतात. ही काळी बुरशी पानाच्या आत शिरत नाही, म्हणून तिच्यावर बुरशीनाशक न मारता किडीचा बंदोबस्त करावा. अरगट या बुरशीजन्य रोगात द्रव पानांवर नव्हे तर फुलोऱ्यातल्या कणसाच्या फुलांमधून थेंबाथेंबाने येतो. हे थेंब फिकट गुलाबी किंवा मातकट असतात, पुढे वाळून पांढरी भुकटी दिसते आणि त्या फुलात दाणा भरत नाही. काही ठिकाणी दाण्याच्या जागी कठीण, काळपट गाठी तयार होतात.

अरगटची बुरशी बीजांडकोशावर फलधारणेपूर्वी हल्ला करते. त्यामुळे ज्या कणसांत परागीभवन लवकर आणि एकसारखे होते ती कणसे बचावतात, तर थंडीमुळे परागीभवन रखडलेली, उशिरा पेरलेली शेते अधिक सापडतात. वेळेवर आणि एकाच वेळी केलेली पेरणी येथेही उपयोगी पडते. रोगट कणसे काढून नष्ट करावीत, त्यांचे धान्य बियाण्यासाठी ठेवू नये आणि गाठी असलेली कणसे जनावरांना घालू नयेत, कारण त्यांतील विषारी द्रव्यांमुळे दुभत्या जनावरांचे दूध घटू शकते.

पानांवरील तांबेरा आणि अवकाळी पावसातली काळी ज्वारी

तांबेऱ्याची खात्री बोटाने होते. पानाच्या खालच्या बाजूला उठावदार लालसर-तपकिरी फोड असतात आणि त्यांवर बोट फिरवल्यास गंजासारखी भुकटी बोटाला लागते. भुकटी लागली नाही तर तो तांबेरा नव्हे. हा रोग सहसा पीक निसवल्यानंतर खालच्या पानांपासून वर चढतो, त्यामुळे धान्यापेक्षा कडब्याच्या प्रतीचे नुकसान अधिक होते. दाणे भरत आल्यानंतर दिसलेल्या थोड्या तांबेऱ्यासाठी फवारणी करू नये. पोटरीच्या आधीच वरच्या पानांपर्यंत तो पोहोचला असेल तरच फवारणीचा विचार करावा. बांधावर वाढणारी आंबुशी ही याच बुरशीची पर्यायी यजमान वनस्पती आहे, म्हणून ती काढून टाकणे चांगले.

दाण्यावर येणारी बुरशी हा मुख्यतः खरीप ज्वारीचा प्रश्न आहे. आपली रब्बी ज्वारी मोत्यासारखी पांढरी राहते ती कोरड्या हवेत पक्व होते म्हणून. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला की पक्व कणसांवर अनेक प्रकारच्या बुरशी वाढतात, दाणा काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. बुडाचा काळा ठिपका दिसल्यावर काढणी लांबवू नये, हाच यावरचा उपाय. भिजलेली कणसे ढीग करून झाकून ठेवू नयेत, ती उघडीप मिळताच पातळ पसरावीत. साठवणीपूर्वी दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका वाळवावा, म्हणजे त्यातील ओलावा दहा ते बारा टक्क्यांपर्यंत आलेला असतो. काळे पडलेले, वास येणारे धान्य चांगल्या धान्यात मिसळू नये आणि ते खाण्यासाठीही वापरू नये.

बुरशीनाशक वापरायचेच असेल तर

जुन्या पुस्तिका आणि फिरते संदेश यांत ज्वारीसाठी अनेक औषधांची नावे आढळतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये काही कीडनाशकांवर बंदी घातली आणि काहींचा ठरावीक पिकांवरील वापर वगळला. त्यामुळे पूर्वी योग्य असलेली शिफारस आज लागू असेलच असे नाही. डब्यावरील लेबलात ज्वारीचे नाव, मात्रा आणि काढणीपूर्वी पाळायचा कालावधी छापलेला असेल तेच औषध घ्यावे. कडबा जनावरांना जाणार आहे, याचा विसर पडू देऊ नये. फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ पूर्ण होण्याआधी हिरवी ताटे वैरण म्हणून तोडू नयेत, आणि हुरड्यासाठी राखलेल्या पट्ट्यावर निसवल्यानंतर बुरशीनाशक मारूच नये.

रोगाविषयी शंका राहिली तर मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रावरून औषध आणण्याऐवजी नमुना घेऊन मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्रात किंवा सोलापुरातील रब्बी ज्वारीच्या संशोधन केंद्रात जावे. नमुना म्हणून मुळांसह उपटलेली दोन-तीन रोगट ताटे आणि तुलनेसाठी एक निरोगी ताट घ्यावे. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, कारण तेथे ती घामेजून सडतात आणि दुसऱ्याच बुरशी वाढतात. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून त्याच दिवशी पोहोचवावीत. सोबत जमिनीची खोली, वाण, पेरणीची तारीख, खताची मात्रा आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे लिहून द्यावे. खडखड्याच्या निदानात या माहितीचे मोल नमुन्याएवढेच असते.

घरचे बियाणे ठेवायचे असल्यास ते मळणीनंतरच्या ढिगातून काढू नये. काढणीच्या आठ-दहा दिवस आधी शेतात फिरून, जेथे आसपास काणीचे एकही कणीस नाही आणि ताटे बुंध्यापासून ताठ उभी आहेत, अशा भागातली भरदार कणसे खुणेची दोरी बांधून निवडावीत. ती आधी कापावीत, वेगळ्या ताडपत्रीवर वाळवावीत, काठीने झोडपून वेगळी मळावीत आणि वाणाचे नाव व वर्ष लिहिलेल्या चिठ्ठीसह कोरड्या डब्यात ठेवावीत.